न वाजवलेली रेकॉर्ड

आमच्या घरी दर रविवारी तीन माणसं गाणी बघायला येत. ऐकायला नव्हे, बघायला. मी हे मैत्रिणींना सांगितलं की त्या हसत आणि मला राग येई, कारण ते हसण्यासारखंच होतं.

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आमच्या दोन खोल्या होत्या. माझे वडील कारखान्यात फिटर, मिल हाऊसला, म्हणजे जिथे ऊस चिरडला जातो तिथे. त्यांना जुन्या लाखेच्या रेकॉर्डींचा नाद. त्याच नादाचे आणखी तिघे त्यांना भेटले होते. एक शाळामास्तर, एक दवाखान्यातले कंपाउंडर आणि शेवगावकडचा एक लाउडस्पीकरवाला, जो लग्नात कर्णे लावून फिरायचा. आम्ही चर्चहून परतलो की हे तिघे येत, आत्याच्या हातचा चहा पीत आणि बैठक सुरू होई.

त्यांचा एक नियम होता, आणि तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला जाई. पोलादी पिन प्रत्येक वेळी रेकॉर्डीला थोडं खाते. तेव्हा बाजारात पुन्हा मिळेल ती रेकॉर्ड वाजवायची. मिळणार नाही ती वाजवायची नाही. अशी रेकॉर्ड पाकिटातून अलगद काढत, कडांना धरून खिडकीच्या उजेडात तिरकी करत, मधल्या कागदावरची अक्षरं मोठ्यानं वाचत, "वा!" म्हणत आणि पुन्हा पाकिटात घालत. कंजूष माणूस तुपाच्या बरणीकडे बघून भाकरी खातो म्हणतात, तसे हे चौघे गाणी खात.

त्यांच्या सगळ्या साठ्यात सर्वांत दुर्मिळ रेकॉर्ड आमच्याकडे होती. तिच्यात माझ्या आईचा आवाज होता.

आई चर्चच्या भजनमंडळात गायची. मी जन्मायच्या आधी एका कंपनीनं या मंडळाला मुंबईला बोलावलं आणि दोन भजनांची एक रेकॉर्ड काढली. दुसऱ्या बाजूच्या भजनात शेवटच्या कडव्याला पुरुष थांबतात, बायका थांबतात आणि एक ओळ आई एकटी म्हणते. मग सगळे ती उचलून धरतात. मी तीन वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. तिचा चेहरा मला फोटोतून माहीत होता. आवाज मुळीच आठवत नव्हता. आई गेल्यावर ती रेकॉर्ड लावायचा वडिलांना बरीच वर्षं धीर झाला नाही. धीर झाला तोवर त्यांना मास्तर भेटले होते, आणि मास्तरांबरोबर तो नियम.

त्यामुळे माझ्या जाणत्या वयात ती रेकॉर्ड एकदाही वाजली नाही. मी हट्ट केला, रुसले, जेवले नाही. वडील म्हणत, "झिजंल गं पोरी. तुझ्यासाठीच तर जपतोय."

आत्या माझी आई झाली होती, आणि तिला या बैठकीचा मनस्वी तिटकारा. ती चुलीजवळून सर्वांना ऐकू जाईल असं म्हणे, "काखेत कळसा अन् गावाला वळसा! बाईचा आवाज ट्रंकेत हाय, अन् ह्ये बसल्यात कागुद वाचत."

पण त्यांच्याजवळ एक आशा होती, आणि आशेपुढे आत्याचं काही चालत नसे. लाखेच्या रेकॉर्डी तेव्हा निघायच्या बंद झाल्या होत्या आणि कंपन्या निवडक जुनी गाणी लाँग प्लेवर पुन्हा काढू लागल्या होत्या. मास्तर समजावून सांगत की मूळ गाण्याचा धातूचा साचा कंपनीकडे असतो; साचा आहे तोवर गाणं मरत नाही, आज ना उद्या नवी रेकॉर्ड निघेलच. ती निघाली की हवी तितकी वाजवा, झिजवा, पोरीला ऐकवा. जुनी मात्र कोरी राहील. मास्तरांनी कंपनीला दोनदा लिहिलंही होतं.

त्यात लाउडस्पीकरवाल्यानं पुण्याहून एक नवीच बातमी आणली. परदेशात आता चार स्पीकरच्या रेकॉर्डी निघाल्या म्हणे. खोलीच्या चारी कोपऱ्यांत चार खोकी ठेवायची आणि मधे बसायचं. "गाणारा समोर नसतोच, फिटर. चारी अंगानं येतो. देवळात बसल्यावानी वाटतं," तो म्हणाला. आता मला कळतं, एका माइकपुढे कोंडाळं करून गायलेलं ते भजन चार कोपऱ्यांतून खरं तर येऊच शकत नव्हतं. तेव्हा कुणालाच ते माहीत नव्हतं. पुढच्या रविवारच्या आत वडिलांनी खोलीच्या चारी कोपऱ्यांत लोखंडी कंस ठोकले आणि वर फळ्या बसवल्या. गिरमिटानं भोकं, पाणसळीनं पातळी, सगळं साग्रसंगीत. स्पीकर आमच्या सात पिढ्यांत कुणी घेतला नसता. आत्यानं चारी फळ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवून दिल्या. वडील मात्र कधी कधी खोलीच्या बरोबर मध्यावर सतरंजी टाकून बसत, आणि मला त्यांची कीव येई.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, ऊस वाळला आणि गाळपाचा हंगाम जेमतेम सुरू होऊन संपला. मिल बंद झाली तशी कॉलनी गप्प झाली. हंगामात आमच्याकडे सगळेच ओरडून बोलत, कारण रात्रंदिवस घरघर चाले. आता लोक हळू बोलू लागले. वडील ओरडूनच बोलत राहिले.

आधी मला वाटलं, सवय आहे. मग एकदा ते रस्त्यानं पुढे चालले होते आणि मी मागून सायकलची घंटी वाजवत आले. ते बाजूला झाले नाहीत. मी अगदी पाठीशी येऊन घंटी खणखणवली, तरी नाही. घरी मी त्यांच्या मागे उभी राहून ताटावर चमचा आपटला. त्यांनी मान वळवली नाही. कारखान्याचा भोंगा त्यांना ऐकू येई, ट्रक ऐकू येई, मास्तरांचा खर्जातला आवाजही बराच ऐकू येई. माझं बोलणं ते ओठांकडे बघून समजून घेत होते. कधीपासून, देव जाणे.

कंपाउंडरांनी आम्हाला नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वेगवेगळ्या सुरांचे पोलादी चिमटे वाजवून वडिलांच्या कानाशी धरले. मग पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहावं तसं एकेक वाक्य सावकाश सांगितलं. मशिनीच्या आवाजानं कान मेले आहेत. बारीक, उंच आवाज आधी जातात. बायकांचे, लहान मुलांचे. जाड आवाज अजून येतात, तेही हळूहळू कमी होतील. औषध नाही.

वडील "बरं" म्हणाले आणि टोपी घातली. एस.टी.त त्यांनी सबंध रस्ताभर खिडकीबाहेर पाहिलं. मी त्यांच्या शेजारी बसून एकच गोष्ट घोकत होते: उद्याच्या उद्या ती रेकॉर्ड लागली पाहिजे. मास्तरांचा नियम गेला चुलीत.

पण वडीलच तयार होईनात. "नवीन यील ना. मास्तर म्हंबईला गेल्यात, कंपनीत जाऊन इचारनार हायेत. नव्या रेकॉर्डीचा आवाज मोठा असतो. मला यील ऐकू." मी रडले, भांडले. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले आणि मग मुद्दाम दुसरीकडे बघू लागले. त्यांना भीती वाटत होती. लावलीच नाही, तर ऐकू येत नाही हे ठरत नव्हतं.

त्या रविवारी मास्तर आले ते चहाला नको म्हणाले. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, आणि वडिलांना ऐकू जावं म्हणून त्यांना ते ओरडून सांगावं लागलं. "साचा नाही! न खपलेल्या रेकॉर्डींचे साचे केव्हाच वितळवले! तुमची आहे तेवढीच!"

नेहमी तोंड चालवणारी आत्या पदरानं नुसती हात पुसत राहिली. वडील उठले, ट्रंक उघडली आणि रेकॉर्ड काढली. ग्रामोफोनला चावी दिली, नवी पिन बसवली. दुसरी बाजू वर केली. मग जमिनीवर बसून उजवा कान पेटीला अगदी टेकवला.

इतकी वर्षं न वाजलेली ती रेकॉर्ड नव्यासारखी वाजली. बाजाची पेटी आली, तबला आला. वडिलांची बोटं जमिनीवर ठेका धरू लागली आणि त्यांचा चेहरा फुलला. "येतंय! येतंय की!" ते ओरडले. पुरुषांचा आवाज आला तेव्हा ते एकेकाची ओळख सांगू लागले, "ह्यो तुझा मामा... ह्यो जॉन, कपडे शिवायचा त्यो." मग शेवटचं कडवं आलं. सगळे थांबले.

माझी आई गायली. आवाज बारीक होता, किंचित घाईतला, आणि ओळीच्या शेवटी तिनं श्वास घेतला तोही ऐकू आला. वीस वर्षांची मी, आणि आईला मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्यापेक्षा ती लहान वाटली. आत्या तोंडात पदर घालून रडू लागली.

वडिलांची बोटं थांबली होती. ते वाट पाहत होते. "आता यील तिची वळ," ते आम्हाला म्हणाले, "गप बसा." तोवर सगळ्यांनी ती ओळ उचलून धरली होती, आणि भजन संपलं.

त्यांनी पिन उचलली. सगळ्यांकडे पाहिलं. मास्तर खाली बघत होते. शेवटी ते माझ्याकडे वळले. आईबरोबर त्यांनी संसार केला होता, तिच्या हातचं जेवले होते, आणि ते मला विचारत होते, "कसा हाय गं आवाज?"

मी सांगायचा प्रयत्न केला. बारीक आहे, गोड आहे, घाईत आहे. त्यांना माझे ओठ दिसत होते, पण रडताना ओठ नीट हलत नाहीत. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा चावी दिली. "ऱ्हाऊ द्या, झिजंल," सवयीनं लाउडस्पीकरवाला म्हणाला आणि लगेच ओशाळला.

"झिजू दे," वडील म्हणाले. मला त्यांनी समोर बसवलं. "तू माझ्याकडं बघ. तिची वळ आली की नुसती मान हलीव. सपली की पुन्यांदा हलीव."

ओळ आली तशी मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले, आणि तेवढी ओळभर ते बसून राहिले. मग डोळे उघडून, मी पुन्हा मान हलवते का ते पाहू लागले.