मले विचारू नको, वाच

लहानपणी माझ्या पोरीनं माझं डोकं खाल्लं. "आई, मोहफूल रातीच काऊन गळते? मुंग्या रांगेतच काऊन चालते?" अन् मी मशीनवर. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात नाटक लागलं की घरोघरी पाहुणे येतात, अन् साऱ्या बायांले नवा ब्लाऊज नाटकाच्या आधीच पाहिजे. पाय मशीनवर, तोंडात टाचण्या, त्यात हिचं काऊन-काऊन! वैतागून शाळेतलं एखादं पुस्तक तिच्या हातात कोंबायची. "मले विचारू नको, वाच!"

सुरुवातीले रडली. मग अक्षरं जुळवत बसली. हळूहळू विचारेनाशीच झाली. म्हटलं, चला, सुटली एकदाची पीडा!

कसली सुटते? पुस्तकात पाहून सायकलची चेन बसवली. अंड्यावर कोंबडी बसवली. दहावी झाल्यावर चंद्रपूरचं कॉलेज, तिथलं हॉस्टेल, सारं स्वतःच वाचून ठरवलं अन् मग मले सांगितलं. सांगितलं बरं का, विचारलं नाई! बाप कौतुकानं गावभर सांगत फिरला. माझा जळफळाट कोणाले दिसते?

जायच्या आधी तिनं मले मोटरवाली नवी मशीन घ्याले लावली. यंदा नाटक तोंडावर आलं अन् ती मशीन खटकन अटकली. खाली धाग्याचा हा गुंता! आमच्याकडे काही बिघडलं की कोणी डोकं लावत नाई, मूल गावच्या मेकॅनिकभाऊले फोन लावते. तो म्हणे, "नाटक झाल्यावर येतो, बाई." कप्पाळ माझं! मग पोरीले लावला.

"आई, मशीनसंग पुस्तक आलं ना? मले विचारू नको, वाच. माझा क्लास सुरू होऊन राह्यला." अन् ठेवला.

तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला ब्लाऊज फेकला, पोरीले मनातल्या मनात नाई नाई ते बोलली. पण बाया दारात येऊन राह्यल्या होत्या, करता काय? चष्मा लावला अन् ओळीवर बोट ठेवून वाचाले बसली. खालची बॉबिन मीच उलटी बसवली होती. काढली, सुलटी बसवली. मशीन चालाले लागली. सारे ब्लाऊज वेळेवर गेले.

नाटक झालं, पाहुणे गेले. घर सुनं सुनं. फोन हातात घेतला, पण पोरीले सांगू काय? माझं काही अडलंच नोतं. इतका राग आला मले त्या चालत्या मशीनचा! म्हटलं, चुलीत जाओ ते शहाणपण, अन् फोन लावला.

"पोरी, मशीन पुन्हा अटकली."

"बरं, पुस्तक काढ. काय लिहिलं आहे, मले वाचून दाखव."

मशीन समोर धडधाकट उभी होती. मी पुस्तक उघडलं अन् अगदी पहिल्या पानापासून वाचाले सुरुवात केली.