ब्रेकला हात न लावणारा चंद्रप्पा

उदगीरहून देवणीच्या शाळेत जायला-यायला मी एक जुनी गाडी घेतली. दोनच महिन्यांत ती सकाळी सुरू व्हायची बंद झाली. किल्ली फिरवली की नुसता टक् असा आवाज. एका गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलायला लावली. आठ दिवस बरे गेले. दुसरा म्हणाला, सेल्फ गेलाय. तोही बदलला. तिसऱ्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, हिला विकून टाका. गिऱ्हाईक मी बघतो."

आमच्या शाळेचे शिपाई गुरुलिंगकाका हे सगळं रोज ऐकत होते. एक दिवस म्हणाले, "बिदर रोडला लिंबाखाली चंद्रप्पा बसतो. त्याला दाखवा. त्याला खोटं बोलता येत न्हाई. लई भोगलंय त्यानं त्याच्यापायी."

शेवटच्या वाक्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी ढकलून गाडी सुरू करून दिली आणि मी लिंबाखाली गेले. दुकान नव्हतं, पाटी नव्हती. एक पत्र्याची पेटी, खाली पोतं, आणि त्यावर साठीचा एक वाळका माणूस. कपाळावर विभूतीचे पट्टे, खाकी शर्टाच्या आत गळ्यातलं इष्टलिंग. त्यानं मला तीनदा किल्ली फिरवायला लावली आणि मान वाकडी करून आवाज ऐकला. मग आत हात घालून एक जाड वायर चाचपली.

"बॅटरीला काय झालं नव्हतं अन् सेल्फलाबी न्हाई," तो म्हणाला. "ही अर्थिंगची वायर बघा. बॉडीला आवळलीय तिथं गंज चढलाय. करंट पोचतच न्हाई."

काचपेपरनं घासून त्यानं ती वायर पुन्हा आवळली. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मला इतकं बरं वाटलं की मी म्हणाले, "मामा, आता ब्रेकपण तुम्हीच बघा. दाबला की जरा खाली जातो."

तो फडक्याला हात पुसत होता. "ते काम मी करत न्हाई."

"येत नाही?"

"येतं," म्हणाला, आणि पेटीचं झाकण लावून घेतलं.

ब्रेकचं काम मी नळेगाव रोडच्या एका मोठ्या गॅरेजात करून घेतलं. बाकी सगळ्यासाठी मात्र चंद्रप्पामामाकडेच जाऊ लागले. त्यांची बायको रुद्राणीमावशी दाळ मिलमध्ये कामाला होती. दुपारच्या सुट्टीत ती त्यांचा डबा घेऊन यायची. एका शनिवारी मामा कुणाचा तरी बंद पडलेला टेम्पो बघायला गेले होते. मावशी आणि मी दोघीच पोत्यावर बसलो होतो. मी विचारलं, मामा ब्रेकचं काम का करत नाहीत? तिनं डब्याची उघडलेली कडी पुन्हा लावली आणि सांगू लागली.

अकरा वर्षांपूर्वी ह्याच रस्त्याला चंद्रप्पाचं चांगलं गॅरेज होतं. रामकिशन नावाचा एक ड्रायव्हर उदगीर-देवणी जीप चालवायचा, तो सगळं काम त्याच्याकडेच करायचा. एका संध्याकाळी चंद्रप्पानं त्या जीपच्या पुढच्या चाकाचा ब्रेकचा पाइप बदलला. नट हातानं बसवला. पाना घेणार तेवढ्यात एक ओळखीचा माणूस दारात आला, लग्नाची पत्रिका घेऊन. दोघं बोलत उभे राहिले. पत्रिका देऊन माणूस गेला. चंद्रप्पानं चाक चढवलं आणि जीप देऊन टाकली. नट आवळायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवणीच्या अलीकडच्या उतारावर जीप थांबली नाही. समोर उसाची ट्रॉली उभी होती. पुढं बसलेली साखराबाई नावाची म्हातारी आणि तिची सात वर्षांची नात, दोघी जागीच गेल्या. रामकिशनचा पाय मांडीपासून मोडला. तो ब्रेक लागला नाही, ब्रेक लागला नाही म्हणून ओरडत होता, पण लोकांनी त्याला तसाच बाहेर ओढून मारलं. दारू पिऊन चालवत होता, असं सगळ्या गावात झालं. तो थेंबभरही पीत नव्हता.

तिसऱ्या दिवशी चंद्रप्पा ठाण्याच्या आवारात ठेवलेली जीप बघायला गेला. आपलं गिऱ्हाईक आहे, काही लागलं तर बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. तो खाली सरकला. चाकाच्या आतल्या अंगाला ब्रेक ऑइलचा ओघळ वाळून काळा झाला होता. नट बोटानं फिरत होता.

"खिशात पाना होता ह्यांच्या," मावशी म्हणाली. "दोन आटे फिरवले असते तर जगात कुणाला कळालं नसतं. मी बी नंतर हेच म्हनले त्यांना. लई भांडले. पोरीची सोयरीक झाली होती हो माझ्या."

चंद्रप्पा किती वेळ गाडीखाली पडून होता ते त्यालाही सांगता आलं नाही. बाहेर आला तो सरळ आत गेला आणि जमादाराला म्हणाला, "ब्रेकचा नट माझ्या हातानं आवळायचा राहिलाय. रामकिशनची काही चूक न्हाई."

जमादारानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. "डोकं ठिकाणावर हाय का? नोंद ड्रायव्हरवर झालीय. घरी जा."

तो गेला नाही. नट दाखवतो, चला म्हणाला. पुढं तपासणी झाली, खटला चालला. कोर्टात वकील बोलायच्या आधी त्यानंच हो म्हणून टाकलं. वर्षाची शिक्षा झाली. मुलीची, मंजुश्रीची, सोयरीक मोडली. तिचं लग्न नंतर लातूरकडं झालं, पण ती माहेरी येत नाही. फोन येतो तो आईला. वडिलांना द्या, असं ती म्हणत नाही.

सुटून आल्यावर चंद्रप्पा साखराबाईच्या गावी गेला. तिचा मुलगा आदिनाथ, त्या पोरीचा बाप, अंगणातच होता. त्यानं घोंगडी टाकून बसायला सांगितलं, तांब्या दिला. पाणी पिऊ दिलं. मग म्हणाला, "तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल माझं काही म्हणणं न्हाई. पण ह्या दारात पुन्हा येऊ नका."

रामकिशनकडं तो चारदा गेला. चारही वेळा रामकिशन आतून बाहेर आला नाही.

मावशीचं सांगून झालं तेव्हा डबा तसाच होता.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी देवणीहून परत येताना माझा ब्रेक एकदम खाली गेला. गिअर टाकून, हँडब्रेक ओढत मी कशीबशी लिंबापर्यंत आले. मामांनी चाकाच्या आत बघितलं. पाइपाचा नट सैल होता. ते दोन पावलं मागं सरले. समोरच्या गॅरेजातल्या सोमेशला त्यांनी हाक मारली. स्वतः हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

"पाइपाचा नट आवळ. अजून. आता पुसून कोरडं कर. मॅडम, दाबा. सोमेश, ओलं येतंय का बघ."

ऑइल भरून, हवा काढून झाली. तरी तोच नट त्यांनी तीनदा तपासायला लावला.

"आधी कुणी केलं होतं हे काम?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"त्याला जाऊन सांगा. भांडू नका. निस्तं सांगा. त्याला कळाया पाहिजे."

मी गेले. गॅरेजवाला फोनवर बोलत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि तो हसला. "मॅडम, झालं का काही? न्हाई ना? मग."

हे मी मामांना सांगायला नको होतं, पण त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. ते पेटीत पाने लावत होते.

"मी कबूल झालो तव्हा मला वाटलं होतं," ते म्हणाले, "बाकीचे तरी हितून पुढं दोनदा आवळतील."

त्यानंतर ते लिंबाखाली कमीच दिसले. दम लागतो म्हणून मावशी घरीच ठेवायची. गेल्या श्रावणात गेले. लिंगायत पद्धतीप्रमाणे त्यांना बसवून नेलं. खड्ड्यात उतरवून बेल वाहिला, विभूती टाकली, मग एकेकानं माती लोटली. मंजुश्री आली होती. ती आईला धरून उभी होती, रडली नाही.

कुंपणापाशी काठी टेकून एक माणूस उभा होता. गुरुलिंगकाका हळूच म्हणाले, "रामकिशन." कुणी त्याला बोलावलं नाही, कुणी हटकलंही नाही. शेवटची माती पडेपर्यंत तो तिथं थांबला. नंतर पाय ओढत रस्त्याला लागला. माती लोटायला तो पुढं आलाच नाही.