तळणी स्टेशनची कमान

तळणीचं स्टेशन साहेबाने माणसांसाठी बांधलंच नव्हतं. त्याला हवा होता वऱ्हाडचा कापूस. म्हणून गाठींचं गोदाम लांबरुंद आणि उतारूंना बसायला एवढीशी पडवी. दर्शनी भाग मात्र असा थाटाचा, की अकोटकडून येणारा माणूस बैलगाडीतूनच मान वर करी. काळ्या दगडाची उंच टोकदार कमान, दोन्ही अंगांना बुरूज, आत सागवानी छत आणि विलायतेहून आलेले लोखंडी खांब. या थाटाला झाडू मारायचं काम श्रावणकडे होतं, आणि त्याने यायचं-जायचं ते गोदामामागच्या बोळातून. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच कोणाला पडली नव्हती.

छप्पन साली दसऱ्याला श्रावण बायको-लेकीला घेऊन नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला. गाडीतून उतरल्यावर तो बोळाकडे वळलाच नाही. लहानग्या जाईला खांद्यावर बसवून सरळ कमानीतून बाहेर पडला. स्टेशनमास्तर नुसता बघत राहिला. बापाचा खांदा तेव्हा थरथरत होता, एवढंच जाईला आठवतं. ते भीतीने, हे तिला फार पुढे कळलं.

तेव्हापासून दर दसऱ्याला ती कमानीतून आत जाई आणि बाहेर येई. गावातच लग्न झालं, जाईची जाईबाई झाली. गाडी बंद पडली, फलाटावर गवत माजलं, छताचं सागवान चोरांनी लांबवलं, पण तिचा नेम चुकला नाही. देवधर्म सुटला तरी हे एक वेड कसं सुटत नाही म्हणून सून रश्मी तिला चिडवायची.

यंदा पावसाळा सरता सरता स्टेशन पाडायचं ठरलं. इमारत धोक्याची झाली होती, हे खोटं नव्हतं. ठेकेदार बाहेरचा, मजूर गावातले. त्यांत जाईबाईचा एकुलता एक मुलगा संघपालही होता. पहिल्या दिवशी तो कामाला निघाला, तेव्हा ती म्हणाली,

"कमान दसऱ्यापरेंत राहू दे ना बापू. मंग पाडा."

"पायतो माय. मुकादमाले सांगतो."

मुकादम किसनराव भला माणूस, आणि तिथेच घात झाला. एखादा खडूस असता तर म्हातारीचे लाड कशाला म्हणून त्याने कमान आधी उतरवली असती. किसनराव म्हणाला, "जाईमायसाठी एवढं नाही करू काय? मांगून सुरू करू, कमान सगळ्यात आखरी."

सगळ्यांच्या मनाला ते पटलं. सगळ्यांचा हात बसला होता विटा-सिमेंटच्या घरांवर. दगडी कमान दोन्ही अंगांच्या भिंतींच्या आधारावर तगते, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आधी गोदाम गेलं, मग पडवी, मग बुरूज. कमान तेवढी एकटी उभी राहिली, आणि गावातली पोरं तिच्यापुढे फोटो काढून गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले होते. उद्या मायचा पाय अडखळू नये म्हणून संघपाल तेवढ्यात कमानीखालचे दगड वेचायला गेला. आधी कमानीच्या सांध्यांतली माती गळाली. किसनराव ओरडला, पण तो आवाज संघपालपर्यंत पोचेतो कमान खाली आली होती.

दसऱ्याच्या दिवशी गावाने त्याला माती दिली.

त्यानंतर घरी येणारा जो तो जाईबाईला एकच सांगे, माय, यात तुमचा काय दोष. बाळापूरहून आलेल्या रश्मीच्या आईनेही तेच सांगितलं. जाईबाई नुसती मान हलवी. ना तिच्या डोळ्यांतून टिपूस, ना घशाखाली घास.

पाहुणे पांगले, त्या संध्याकाळी रश्मी लेकीला, दीक्षाला, भरवत होती. जाईबाई म्हणाली,

"म्या सांगतलं नसतं तर तो वाचला असता."

रश्मीचा हात थांबला. तिने सासूकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली, आणि पोरीच्या तोंडात घास दिला.

तेव्हा कुठे जाईबाईला रडू फुटलं.