दिनूदादाच्या बशीतला भोवरा

दिनूदादा गेला तेव्हा त्याच्या नाकाशी कांदा धरलेला होता, आणि तो कांदा फोडून आणणारा शहाणा मी. भवानीनगरच्या कार्यालयात पुतणीचा साखरपुडा होता. पंगतीत वाढता वाढता तो खाली बसला आणि आडवा झाला...

दिनूदादा माझा थोरला चुलतभाऊ. बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. सणसरच्या घरी, त्याच्या खोलीत काचेच्या बशीत लाल पाणी असे. त्यात आपोआप निळा ठिपका उठायचा, त्याचं वर्तुळ होऊन कडेपर्यंत पसरायचं. "लाट गेली की तिथलं पाणी घटकाभर दमतं. लगीच दुसरी लाट घेत न्हाय," तो सांगायचा. मग तारेनं एखादं वर्तुळ मोडायचा. मोडलेली टोकं आत वळायची, दम खाऊन ताज्या झालेल्या पाण्यात पुन्हा शिरायची, आणि गोगलगायीच्या पाठीसारखा भोवरा फिरत राहायचा. "काळजातबी अशीच लाट असती. जुन्या जखमेच्या डागाशी मोडली की हाच भवरा. काळीज नुसतं थरथरतं, रगात ढकलत न्हाय. शॉक मिळंस्तवर छाती दाबत राहायचं, सोडायचं न्हाय." यावर मी, घराण्यातला दुसरा बीएस्सी, म्हणालो, "दादा, ह्यानं ऊस वाढतो का?" सगळे हसले. माझ्या विनोदांना घरात फार मागणी.

तर त्या दिवशी वहिनी गर्दीतून घुसल्या आणि गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबायला लागल्या. आमचे थोरले चुलते, आबा, ओरडले, "सूनबाई, लाज हाय का? चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला झटतीस? पाव्हणं बघत्यात!" दोन आत्यांनी वहिनींना ओढून बाजूला केलं. "चक्कर हाय नुसती. कांदा आणा!" मी धावलो. इज्जत वाचवायची म्हटली की आमचं घराणं भारी चपळ.

बारामतीत डॉक्टरांनी विचारलं, "छाती दाबली होती का कुणी?"

"न्हाय, पण कांदा लावला की!" आबा म्हणाले. अभिमानानं.

भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणे, आयुष्य तेवढंच होतं. आम्ही माना हलवायचो. इतकं सोयीचं वाक्य कोण सोडतो?

गेल्या आठवड्यात सणसरला गेलो. वहिनी त्याच्या खोलीतलं टेबल पुसत होत्या. रोज पुसतात. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "ऐनवेळी कुणाला काही सुचलं नाही बघा, वहिनी."

"मला सुचलं हुतं, भावजी." फडकं थांबलं नाही. "मला वढलं तवा मी तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, ह्यांना ठावं हाय, हे तरी सांगतील..."

त्यांनी फडकं झटकलं.

"तुमी आबांकडं बघत हुता."