धोंडाबाईची धुरी

मार्गासनीच्या वर, डोंगराला लागून जो धनगरवाडा आहे, तिथं धोंडाबाईच्या धुरीशिवाय एकही पोर मोठं झालेलं नाही. हे धोंडाबाईच सांगते, आणि तिला नाही म्हणायची कुणाची टाप? शेगडीत शेणीचे निखारे, वर ओवा, वावडिंग, लसणाची सालं. शेगडी बाजेखाली सरकवायची, दार लावायचं आणि बाळ-बाळंतिणीला धुरात मुरवायचं. चाळीस वर्षं हेच चाललंय.

मग तिच्याच घरात नातू आला. लेक रोहिदास, सून दिपाली आणि बाजेवर वीस दिवसांचा मूठभर जीव. घरच्या लेकराला हात कशाला आखडायचा? दोन वेळची धुरी तिनं तीन वेळा केली. बाळ खोकायला लागलं. खोकला म्हणजे सर्दी, आणि सर्दीला धुरी, म्हणून चौथी सुरू झाली. छाती घरघरायला लागली तशी लसणाची सालं दुप्पट झाली. दिपालीचे डोळे दिवसभर गळायचे, तर सासूला वाटायचं, पोरीला माहेर आठवतंय.

खोकला लागल्याच्या पाचव्या दिवशी आरोग्यखात्याची आशाताई मंगल बाळ बघायला आली. आत पाऊल टाकलं आणि खांबाला धडकली. बाळ कुठंय विचारलं, तर धुरातून तिघांनी तीन दिशा सांगितल्या. बिचारी चाचपडत बाजेपाशी गेली, मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजले. सत्तर भरले, हवेत साठाच्या आत. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तिनं समजावून सांगितलं, नाक चोंदलं, दूध भलत्या वाटेला गेलं, छातीत जंतू झाले, यातल्या कशानंही तान्ह्याला धाप लागते. कारण डॉक्टर बघतील, पण दवाखाना आत्ता गाठा, आणि आधी ही शेगडी बाहेर काढा.

झालं! धोंडाबाई अशी भडकली की काय सांगावं. कालची पोर तिला शिकवणार? वाड्यातल्या कुणाकुणाला धुरी दिली त्यांची नावंच तिनं मोजायला घेतली. मंगल खोकत खोकत अंगणात आली, धोंडाबाई नावं मोजत तिच्या मागं.

अंगणात डालग्याखाली, पोत्यावर, आई मेलेलं चार दिवसांचं कोकरू होतं. मंगलनं दम खात विचारलं, एवढ्या गारठ्यात हे बाहेर का?

"आत धूर न्हाई का?" धोंडाबाई खेकसली. "धुरात कोकराची छाती भरती. मरंल की ते."

धोंडाबाईनं कोकराकडं बघितलं, मग दाराकडं. पुढचं नाव तिच्या तोंडातच राहिलं.

मग जी पळाली ती चप्पल न घालताच. गोधडीसकट नातू उचलला, दिपालीला हाताला धरून ओढलं, रोहिदासचा टेम्पो निघाला. वाटेत खड्डा आला की ती रोहिदासला शिव्या द्यायची, नाही आला की सावकाश चालवतोस म्हणून द्यायची.

दवाखान्यात बाळाला ऑक्सिजन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, घरी काय झालं होतं? डोंगरावरचं गार वारं बाधलं, रोहिदास म्हणाला. आईची लाज राखत होता.

"वारं न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "म्या धूर घातला. रोज. चार चार येळा."

एवढ्या हळू आवाजात ती जन्मात बोलली नव्हती.

आठवड्यानं बाळ घरी आलं, तर धोंडाबाईची धाकटी जाऊ सखूबाई शेगडी पेटवून तयार! धुरीविना बाळंतीण घरात घेतली तर लोक तोंडात शेण घालतील म्हणे. तासभर हुज्जत झाली. शेवटी ठरलं, धुरी होईल, पण रिकाम्या बाजेला. सखूबाईनं बाजेवर दिपालीचं लुगडं पांघरलं, दार लावलं आणि यथासांग धूर केला. वाड्यातल्या बायका कौलांतून निघणारा धूर बघून समाधानानं घरी गेल्या.

धोंडाबाई पार पलीकडं, गोठ्यापाशी उन्हात नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या छातीला कान लावलेला. आतून सखूबाई खोकत ओरडली, पुरे का अजून घालू?

"गप बस गं," धोंडाबाई म्हणाली. "ऐकू दे मला."