जावेची विहीण

जगात बिननात्याचं काही असू शकतं, यावर माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा अजिबात विश्वास नाही. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. निपाणी-चिकोडीपासून बेळगावापर्यंत जेवढी म्हणून माणसं हिंडतात-फिरतात, ती सगळी आपल्याला कुठून ना कुठून लागतात, फक्त कुठून ते काढायला थोडा वेळ लागतो, असं त्या धरूनच चालतात. हल्ली बायकांना बसला पैसे पडत नसल्यामुळे त्यांना हा वेळही भरपूर मिळतो. एकदा मी त्यांच्याबरोबर बेळगावला निघालो होतो. संकेश्वर यायच्या आत त्यांनी कंडक्टरच्या आईचं माहेर कन्नडातून काढून घेतलं, आणि यमकनमर्डीला तो त्यांना मावशी म्हणायला लागला. मला मात्र तो शेवटपर्यंत 'ओ काका, आत सरका' म्हणत होता. दाताच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं तेव्हा आक्कांनी आधी त्यांची सासुरवाडी विचारून घेतली, कारण एकदा तोंड उघडलं की मग बोलता येत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात मिक्सर थोरला आहे आणि फ्रीज धाकटा, कारण तो नंतर आला. धाकटा असून घराला उजेड दाखवतो, असं त्याचं कौतुकही त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

अशा या आक्कांना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी भूमिती शिकवायची पाळी माझ्यावर आली. शाळा अर्धवट सुटलेल्या बायकांसाठी गावातल्या एका संस्थेने वर्ग काढला होता. आधी सातवीच्या अभ्यासाची चाचणी द्यायची, त्यात पास झालेल्यांना दहावीला बसवायचं, असा त्यांचा बेत. आक्कांनी नाव घातलं. बाकीचे विषय त्यांनी नातं लावून लावून तोंडपाठ केले. इतिहास तर काय, सगळा भाऊबंदकीचाच. अडलं ते कोनांपाशी. मी विम्याच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण शाळेत गणितात बरा होतो, ही गोष्ट मी लग्नापासून सासरवाडीत इतक्या वेळा सांगितली होती की आता माघार घेणं शक्य नव्हतं. आक्का जैनांच्या रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या, म्हणून वेळ ठरली दुपारी तीनची, आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

पहिल्याच दिवशी मी वहीवर एक कोन काढला आणि त्याला 'कोन कखग' असं नाव दिलं. आक्कांनी चष्मा वर केला.

"एका कोपऱ्याला तीन नावं? मंग हाक मारायची कुणाला?"

मी म्हणालो, मधलं अक्षर महत्त्वाचं. "मंग कडंची दोघं कशाला आलीत?" मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की ती दोघं का आली याचा मी उभ्या जन्मात विचार केलेला नाही. दुसऱ्या दिवशी सरळकोन आला. जिथं कोपराच नाही तिथं कोन कसला, असं त्यांनी विचारलं. मी चहा मागवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोनमापक उलटा धरून सत्तरच्या जागी एकशे दहा वाचलं, मी ते चूक म्हणून खोडलं, मग घरी जाताना वाटेत वाटलं की माझ्याच हातात तो उलटा होता. आक्का गोंधळल्या की कन्नडात मोजतात. ओंदु, एरडु, मूरु सुरू झालं की मी काय समजायचं ते समजायचो. पंधरवड्याने मीसुद्धा मनातल्या मनात कन्नडात मोजायला लागलो.

आणि एवढं करून ही बाई वर्ग सोडत का नाही, तेही एकदा मी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की सातवीत असताना गुरुजींनी फळ्यावर अशीच आकृती काढून त्यांना उभं केलं होतं. उत्तर विचारलं, कारण विचारलं. आक्कांनी कायतरी सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या नाहीत. घरी तंबाखूच्या रानात हात हवेच होते, त्यामुळे कुणी जा असंही म्हटलं नाही. "मी मठ्ठ हाय का न्हाय, येवढं एकदा कागदावर बघायचंय, पाहुणं," त्या म्हणाल्या, आणि शेंगदाण्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि आक्कांना पास करायचंच, असं मी मनाशी घेतलं.

पुढे समांतर रेषा आल्या, त्यांना कापत जाणारी छेदिका आली, आणि एकदम आठ कोन झाले. मी घाबरलो, आक्का खुलल्या. कारण आता घर भरलं होतं. दोन समांतर रेषा म्हणजे वाटणी झालेले दोन भाऊ, जन्मात एकमेकांना न भेटणारे. एका रेषेवर शेजारी-शेजारी बसलेले दोन कोन म्हणजे नवरा-बायको. एक फुगला की दुसरं आकसणार, बेरीज तेवढीच. समोरासमोरचे विरुद्ध कोन म्हणजे विहिणी. चिकटल्यात फक्त एका टोकाला, पण तोऱ्यात दोघी सारख्या. आणि दोन्ही घरांत एकाच जागी बसलेले संगत कोन म्हणजे जावा. मी एक कोन सत्तर अंशांचा दिला की त्या उरलेले सात घास मोजल्यासारखे भराभर लिहून टाकायच्या, आणि एकही चुकायचा नाही. मी पुस्तकात बघून पडताळायचो, तरी मला जास्त वेळ लागायचा.

"माणसं आठ, पर सोभाव दोनच," त्या म्हणायच्या. "लई सोपं हाय हे."

मग एकदा मी व्युत्क्रम कोनांवर बोट ठेवलं. दोन रेषांच्या आतले, छेदिकेच्या दोन बाजूंचे. हे समान का?

"ही हिच्या जावेची विहीण," आक्का म्हणाल्या. "जाऊ हिच्यासारखी, विहीण जावेसारखी. मंग ही हिच्यासारखी न्हाय व्हय?"

मी दोन्ही कोनांकडे बघितलं. कोण कुणाची जाऊ, ते मला काही केल्या लागेना. चाचणी आठवड्यावर आली होती आणि कारणाला वेगळे गुण होते. मी चिडलो. म्हणालो, आक्का, हे पेपरात लिहिलंत तर तपासणारा हसेल. जावा-विहिणी सगळ्या घरी ठेवा. पुस्तकातले शब्द पाठ करा: संगत, व्युत्क्रम, आंतर, रेषीय जोडी. हसेल म्हटल्यावर त्यांनी चारही शब्द वहीत उतरवून घेतले. आठवडाभर त्यांनी ते शब्द घोकले, पापड लाटताना, बसस्टँडवर, देवळाच्या पायरीवर. एकाही अनोळखी माणसाला त्या आठवड्यात त्यांनी माहेर विचारलं नाही, असं बायको म्हणाली.

गणितात आक्का थोडक्यात नापास झाल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. प्रश्न नेमका तोच आला होता, समोर आकृती, समान का ते लिहा. पानभर जागा त्यांनी कोरी सोडली होती.

"उत्तर येत हुतं, पाहुणं," त्या म्हणाल्या. "पर कारण तुमचं हुतं. ते आठवंना."

त्यांच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. घरी येऊन मी सातवीचं पुस्तक पहिल्यांदाच नीट, झोप न काढता वाचलं. त्या धड्यात व्युत्क्रम कोन समान असतात हे दाखवलं होतं: हा कोन त्याच्या संगत कोनाएवढा, तो संगत कोन आपल्या विरुद्ध कोनाएवढा, म्हणून पहिला आणि शेवटचा समान. मी ते चार वेळा वाचलं. मग वहीत आकृती काढली, आणि पहिल्यांदाच मला जाऊ दिसली, जावेची विहीण दिसली. ओळीला ओळ लागत होती. वर्षानुवर्षं गणितात बरा म्हणून मिरवणाऱ्या मला जे पाठ होतं, ते या बाईने माझ्यादेखत बसल्या जागी सिद्ध केलं होतं, आणि मी तिला गप्प बसवलं होतं.

पुस्तक घेऊन मी लगेच उलट पावली आक्कांकडे गेलो. त्यांना ती ओळ वाचून दाखवली, तुमचंच आहे म्हणालो. त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट फिरवत स्वतः वाचली.

"मंग तवाच का न्हाय सांगितलंसा?"

"मला कळलं नव्हतं, आक्का."

गणित येणाऱ्या माणसाला कळलं नाही, हे त्यांना खरं वाटत नसावं. पुढच्या चाचणीला बसा, मी फी भरून येतो, असं काहीबाही मी बोलत होतो. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"म्हंजी मी बरोबर हुते?"

"होय."

"सातवीत बी?"

सातवीत, सगळा वर्ग हसायच्या आधी, त्या मुलीने काय उत्तर दिलं होतं, हे मला ठाऊक नाही. त्यांनाही आता आठवत नाही. मी होय म्हणालो.