मामंजींची मोटारबोट

लग्न होऊन मी लालबागच्या खोलीत आले, तेव्हा मामंजी गिरणीतून नुकतेच निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी साचाखात्यात, कापड विणणाऱ्या मागांमध्ये, फिटर म्हणून काढला होता आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्याने बोलत. मीठ मागितलं तरी ते चाळीच्या जिन्यापर्यंत ऐकू जाई. पोरंटोरं नक्कल करून हसत. हळू बोलणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ज्या गोष्टी हळू बोलायच्या असतात त्या ते कधी बोलतच नसत. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

त्यांच्या गिरणीतला एक गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याची हौसेची मोटारबोट शिवडीला एका लाकडाच्या वखारीमागे चिखलात पडून होती. साहेबाने मामंजींना हाताने खूण केली, हवी तर घेऊन जा. मामंजी घरी येऊन सांगू लागले आणि अख्ख्या मजल्याला कळलं की आमच्याकडे बोट आली.

सासूबाईंनी हातातलं पीठ तसंच परातीत टाकलं. "माका नको तुमची बोट," त्या म्हणाल्या. "पाण्याचा नाव काढू नका माझ्यासमोर."

त्यांचा धाकटा भाऊ गावच्या बंदरावर आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरताना बुडाला होता. त्या दिवसापासून त्या समुद्राकडे बघत नसत. गावी जायचं तर घाटाने, कितीही हाडं खिळखिळी झाली तरी एस्टीने.

आमचे हे त्याच गिरणीत कामाला होते, पण जीव सगळा चळवळीत. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे म्हणून रोज सभा, मोर्चे, भिंतींवरच्या घोषणा. लालबागेत गोळ्या सुटल्या होत्या, संचारबंदी लागून गेली होती. बोटीचं ऐकून हे हसले. "साहेब गेला आणि खेळणं टाकून गेला. राज्य होऊ द्या, मग बघू त्या बोटीचं." पुढे सत्याग्रहात हे तुरुंगात गेले. घरात मामंजी, सासूबाई आणि मी.

एके सकाळी मामंजींनी हत्यारांची पिशवी उचलली आणि मला म्हणाले, "सूनबाई, चल गं. मला तुझे कान पाहिजेत."

मला काही कळलं नाही. पण घरात बसून तुरुंगाची चिंता करण्यापेक्षा बरं, म्हणून गेले. शिवडीच्या त्या किनाऱ्यावर ओहोटीला नुसता काळा चिखल असे आणि भरतीला पाणी वखारीच्या कुंपणापर्यंत येई. बोट एका कुशीवर कलंडली होती. सागवानी फळ्यांच्या सांध्यांतून उजेड दिसत होता. इंजिनावर मुंग्यांनी वारूळ करायचंच बाकी ठेवलं होतं.

आम्ही आधी सांधे धरले. जुना सडलेला कापूस आकड्याने ओढून काढायचा, नवा कापूस पिळून त्याची वात करायची, ती सांध्यात ठोकून बसवायची आणि वरून लांबीचा लेप भरायचा. वाती मीच वळत असे. देवाच्या वाती वळायची सवय होती, या फक्त जाड. मामंजी बघून म्हणत, "छान! आणखी घट्ट!" आणि वखारीतले हमाल वळून बघत. नऊवारीचा काचा मारून बोटीखाली उताणी पडलेली सून त्यांनी पूर्वी पाहिली नसावी. पहिल्यांदा लाजले, मग लाज गेली.

मग इंजिन. मामंजींनी ते पाटावर मांडल्यासारखं सुटं केलं. झडपा मी घासल्या, राखेसारखी पूड लावून, गोल गोल, त्या चकचकीत होईपर्यंत. पाणी ओढणाऱ्या पंपाचं चामडं सडलं होतं, तिथे त्यांनी जुन्या चपलेचं चामडं कापून बसवलं. शेवटी हँडल मारलं, इंजिन धडधडलं, आणि माझ्या कानांचं काम सुरू झालं. ते इंजिनावर तळवा ठेवून डोळे मिटत. धडधड त्यांच्या हाताला कळे, पण बारीक आवाज कळत नसे. साचाखात्यात माणसं हातवाऱ्यांनी बोलतात, ती भाषा त्यांनी मला शिकवली होती. बोटं झटकली की ठोका चुकतोय, मूठ फिरवली की घरघर आहे, तळवा आडवा की सगळं ठीक. मी खुणा करी, ते पान्याने काहीतरी आवळत आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत. नवऱ्याच्या वडिलांनी आपल्याकडे इतक्या विश्वासाने बघावं, याचं मला फार अप्रूप वाटे.

बोट पाण्यात उतरवली त्या दिवशी घात झाला. वाळलेलं लाकूड पाण्यात गेलं की आधी गळतं, मग पाणी पिऊन फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. म्हणून मामंजींनी ती किनाऱ्याला बांधून मुद्दाम पाण्यात भिजत ठेवली होती, काठापर्यंत भरलेली. इंजिन अजून बाहेर, फळकुटावर. आणि नेमक्या त्याच दुपारी सासूबाई शेजारणीला घेऊन शिवडीला आल्या. का आल्या, कोणास ठाऊक. इतके दिवस रागाने डबा बांधून देत होत्या, कदाचित मनाने थोडं घेतलं असेल.

बुडालेली बोट बघून त्या जागीच थांबल्या.

"बुडाली मा?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलंच होता. उद्या माणसा घेवन बुडात."

मी धावत गेले. "आई, ती मुद्दाम भिजत घातलीय. दोन-चार दिवसांनी पाणी उपसलं की..."

"माका शिकवू नको. मी येवचंय नाय. कधीच नाय." आणि त्या वळून चालू लागल्या.

मामंजींना शब्द ऐकू आले नाहीत, पण ओठ वाचायची सवय आयुष्यभराची. बोटीतून उगाच एक बादली पाणी उपसलं आणि परत आतच ओतलं.

सांधे मिटले. इंजिन बसलं. थंडीतल्या एका दुपारच्या भरतीला आम्ही दोघंच निघालो. नांगरलेल्या गलबतांच्या बाजूने बोट पाणी कापत गेली. मध्येच ठोका चुकला, मी बोटं झटकली, त्यांनी प्लग काढून धोतराच्या टोकाला पुसला, परत लावला, आणि मग तळवा आडवा, सगळं ठीक. खूप आत गेल्यावर त्यांनी इंजिन मंद केलं आणि वळून बघितलं. गिरण्यांची धुराडी एका ओळीत उभी होती, परळपासून शिवडीपर्यंत, आणि त्यांचा आवाज मात्र इथवर येत नव्हता.

"तुझ्या सासूला लग्नानंतर आगबोटीने आणली," ते म्हणाले, नेहमीसारखंच ओरडून. "खालच्या डेकवर बसली होती, तोंडावर पदर. उलट्या करून बेजार. मी म्हटलं, वर चल, समुद्र बघ, बरं वाटेल. ही लाजली. सगळे बघतील म्हणाली. मग मी म्हटलं, एक दिवस आपल्या स्वतःच्या बोटीतून दाखवीन. तेव्हा थट्टेत म्हटलं होतं."

"आईंना ठाऊक आहे, हे त्यासाठी चाललंय ते?" मी ओठ सावकाश हलवत विचारलं.

ते हसले. "चाळीत कसं सांगू? सगळ्यांना ऐकू जाईल की."

त्यांनी सासूबाईंना विचारलं मात्र. शिमग्याच्या आधी एकदा. "चल गं बोटीत!" एवढंच. मजल्यावर हशा पिकला, कोणीतरी शिटी मारली. सासूबाई लाल होऊन आत गेल्या. त्यानंतर मामंजींनी परत विचारलं नाही.

उन्हाळ्यात त्यांचा दमा बळावला. गिरणीतला कापूस छातीत बसलेला, तो जुना रोग. पावसाळ्यात बोट उघड्यावरच पडून राहिली. हे तुरुंगातून सुटून आले होते, वखारवाल्याने जागा मोकळी करायला सांगितली, तेव्हा यांनी ती मोरा बंदरावरच्या एका माणसाला देऊन टाकली. मामंजी अंथरुणावर होते. सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. गणपती उठल्यावर ते गेले.

बाराव्याचं आटोपल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. आगबोट, डेक, पदर. त्या ऐकत राहिल्या. चुलीतलं लाकूड पुढे सारत बसल्या.

"तेनी माका कधी सांगूक नाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सांगितला असता तरी मी गेलंय नसतंय. पण सांगूक व्हया होता."

राज्य झालं त्या संध्याकाळी सगळी मुंबई दिव्यांनी नटली. आमच्या यांना आनंदाने उभं राहवत नव्हतं. "बोट ठेवायला हवी होती," हे अचानक म्हणाले. "समुद्रातून काय दिसली असती मुंबई! घाई केली मी." सासूबाईंनी ऐकलं आणि दिवे बघायला म्हणून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

माझं राहिलं ते वेगळंच. त्या दिवशी बोटीतून परतताना मामंजी म्हणाले होते, पुढच्या खेपेला सुकाणू तुझ्या हातात देईन. मी त्यांना हो म्हटलं आणि मनात ठरवलंही होतं, की वखारीपासून गलबतांपर्यंत कशी नेईन, कुठे वळवीन. नंतर मुलं झाली, संसार वाढला. मशीनची किंवा गिरणीच्या कामाची कधी कोणी गोष्ट काढली की मी ऐकत बसते, पण झडपा मी स्वतः घासल्या होत्या, असं म्हटलं तर घरातल्यांनाही ते खरं वाटत नाही.